चाई आणि मन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डोक्यावरचे किंवा दाढीतले केस गोल चकतीपुरते गळून जातात, ती चाई. तिचं निदान बहुतेक वेळा दोन मिनिटांत होतं. डॉक्टर चकती पाहतात, भिंगातून एकदा निरखतात, नाव सांगतात, औषध लिहून देतात. प्रश्न पडायला लागतात ते घरी आल्यावर, आणि त्यांतले निम्मे केसांबद्दल नसतातच. इथे भर त्या निम्म्यांवर आहे. औषध कोणतं, किती आणि किती दिवस, हे मात्र तुमच्या त्वचारोगतज्ज्ञांनाच विचारा.

चाई पडते म्हणजे शरीरात नेमकं काय होतं?

आपलीच रोगप्रतिकारशक्ती केसांच्या मुळांवर उलटते. एरवी वाढीला लागलेल्या केसाच्या मुळाला या यंत्रणेपासून एक खास संरक्षण असतं. चाईत ते ढासळतं, टी-पेशी (रोगप्रतिकारशक्तीच्या लढाऊ पांढऱ्या पेशी) मुळाभोवती गोळा होतात आणि केस गळतो. म्हणूनच डॉक्टर याला स्वयंप्रतिकार आजार म्हणतात. वैद्यकीय नाव अ‍ॅलोपेशिया एरिआटा, आयुर्वेदातलं इंद्रलुप्त. साधारण २ टक्के लोकांना आयुष्यात कधी ना कधी चाई पडते. बहुतेकांची पहिली चकती चाळिशीच्या आत दिसते. कुणाची गोष्ट रुपयाएवढ्या एका चकतीवर थांबते, कुणाचं सगळं डोकं रिकामं होतं आणि थोड्यांच्या भुवया, पापण्या, अंगावरची लवही जाते.

केसाचं मूळ मात्र मरत नाही, त्याचं काम बंद पडतं. त्यामुळे काही वर्षांनीसुद्धा केस येऊ शकतात. ही चांगली बातमी आहे, पण तिच्यामुळेच माणूस वर्षानुवर्षं ताटकळत राहतो. त्याबद्दल पुढे येईलच.

ही दुसऱ्याला लागते का?

नाही. कंगवा, टॉवेल, उशी, एकत्र झोपणं, कशानेही नाही. चाईत ‘किडा’ नसतो. डोक्यावर खपल्या, खाज आणि तुटके केस असतील तर तो नायटा असू शकतो. तो संसर्गाने पसरतो, पण तो वेगळा आजार आहे.

टेन्शनमुळेच झालं ना हे?

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो आणि माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसानही हाच करतो.

आधी माहिती. परीक्षा, मृत्यू, घटस्फोट, नोकरी जाणं अशा एखाद्या घटनेनंतर चाई पडली, असं सांगणारे रुग्ण भरपूर आहेत. तसं काहीच घडलेलं नसताना चाई पडलेलेही भरपूर आहेत. अभ्यासांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. ताणामुळे त्वचेतल्या मज्जातंतूंमधून काही रसायनं सुटतात, ती केसाच्या मुळाजवळची दाहक्रिया वाढवू शकतात, असं प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे. म्हणजे ताणाचा हात असू शकतो. पण नुसत्या ताणाने चाई पडत असती तर दहावी-बारावीच्या मार्चमध्ये अर्धा महाराष्ट्र चकत्यांनी भरला असता.

दुसरी बाजू जनुकांची. कोलंबिया विद्यापीठातल्या जनुकशास्त्रज्ञ अँजेला क्रिस्टिआनो यांना स्वतःला चाई आहे. त्यांच्या गटाने २०१० मध्ये ‘नेचर’मध्ये शोधनिबंध प्रसिद्ध केला. चाईशी निगडित असलेली अनेक जनुकं संधिवात आणि टाइप १ मधुमेहातही सापडतात, असं त्यात दिसलं. टाइप १ मधुमेहाच्या मुलाला आपण ‘तू फार विचार करतोस म्हणून साखर वाढली’ असं म्हणत नाही. चाईच्या रुग्णाला मात्र सर्रास म्हणतो.

त्यातून होतं असं, की केस तर गेलेच, वर ते आपल्याच स्वभावामुळे गेले हा अपराधभाव गळ्यात पडतो. मग माणूस टेन्शन येतंय या गोष्टीचंच टेन्शन घेऊ लागतो. डॉक्टरांनी घाईत ‘स्ट्रेस कमी करा’ एवढंच सांगून पुढचा नंबर बोलावला, तर तेही याच ढिगात भर घालतात.

मग चाईमुळे मनाचा आजार होतो, की मनाच्या आजारामुळे चाई?

दोन्ही दिशांनी संबंध दिसतो. ब्रिटनमधल्या दवाखान्यांच्या नोंदी तपासणारा एक मोठा अभ्यास २०१९ मध्ये ‘जामा डर्मेटॉलॉजी’ या त्वचारोगांच्या नियतकालिकात आला. नैराश्याच्या रुग्णांना पुढे चाई पडण्याचा धोका इतरांपेक्षा ९० टक्के जास्त आढळला. उलट बाजूने, चाईच्या रुग्णांना पुढे नैराश्य येण्याचा धोका ३४ टक्के जास्त. आकडे पाहून घाबरू नका. चाई मुळात कमी जणांना पडते, त्यामुळे हा वाढलेला धोका धरूनही नैराश्याच्या बहुतेक रुग्णांना ती पडत नाही.

२०२२ मध्ये ब्रिटनमधूनच आणखी एक अभ्यास आला. चाईचं निदान झालेल्या लोकांमध्ये नैराश्य आणि चिंता आधीपासूनही जास्त होती आणि निदानानंतर नव्याने होण्याचं प्रमाणही जास्त होतं. शिवाय कामावरून रजा आणि बेरोजगारीही जास्त. ‘दिसण्याचा प्रश्न’ म्हणून जो बाजूला सारला जातो तो पगारापर्यंत पोचतो, हे यातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

केसच तर गेलेत. जिवाला काही धोका नाही. एवढं मनाला का लावून घ्यायचं?

हे बहुधा धीर देण्यासाठी म्हटलं जातं. ऐकणाऱ्याच्या कानाला ते ‘तुझं दुःख खोटं आहे’ असं लागतं.

आपल्याकडे केस नसलेलं डोकं कोरं कधीच नसतं, त्यावर लोक काहीतरी वाचतात. पुरुषाचा गोटा दिसला की ‘घरात कोणी गेलं का?’ बाईचं डोकं दिसलं की आवाज खाली आणून ‘किमो चालू आहे का?’ जुन्या पिढीच्या मनात त्याहून खोल काहीतरी असतं. विधवांच्या केशवपनाची रूढी आपल्या पणज्यांच्या काळापर्यंत होती. १८९० मध्ये मुंबईतल्या नाभिकांनी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने हे काम आम्ही करणार नाही असं जाहीर केलं, तेव्हा ती बंड म्हणावी अशी गोष्ट होती. रूढी गेली, पण बाईचं उघडं डोकं अशुभ वाटणं पुरतं गेलेलं नाही. मंगळागौरीला, बारशाला, हळदीकुंकवाला जायचं टाळणाऱ्या बायका गर्दीला कमी आणि या नजरेला जास्त घाबरत असतात. गजरा देताना समोरचीचा हात क्षणभर अडखळतो, तो त्यांना बरोबर दिसतो.

पुरुषांचं उलटं. टक्कल पुरुषाला शोभून जातं, असं म्हणून त्यांचा विषय तिथेच मिटवतात. पण वयाने पडणारं टक्कल हळूहळू येतं, आरशाला सवय व्हायला वेळ मिळतो. चाईत पंधरा दिवसांत चेहरा बदलू शकतो. दाढीत चकत्या पडल्या तर सलूनवाला वस्तरा लावायला कचरतो. भुवया गेल्या की ओळखीचे लोक ओळखत नाहीत. पापण्या गेल्या की डोळ्यांत घाम आणि धूळ थेट जाते, नाकातले केस गेले की नाक सारखं वाहतं. यातलं काहीही ‘फक्त दिसण्याचं’ नाही.

आणि अनिश्चितता. केस येतात, दोन महिने आनंदात जातात, मग दुसरीकडे नवी चकती. पूर्ण गेलेल्या केसांची निदान सवय तरी होते, असं काही रुग्ण सांगतात. या ये-जा करणाऱ्या आजाराची होत नाही. सकाळी उशी तपासायची, बाथरूमच्या जाळीवरचे केस मोजायचे, पाठचं डोकं दिसावं म्हणून दोन आरसे धरायचे, यातच दिवसाचे तास जातात.

केस परत येतील का? खरं सांगा.

एक-दोन चकत्या असतील तर शक्यता चांगली आहे. साधारण तृतीयांश ते निम्म्या लोकांचे केस वर्षभरात उपचारांशिवायही येतात. पहिल्यांदा पांढरे, बारीक, मग काळे. सगळं डोकं किंवा सगळं अंग रिकामं झालं असेल, तर आपोआप पूर्ण बरे होणारे दहातले एकही नसतात. लहान वयात सुरुवात, कानांमागून मानेपर्यंत पट्ट्यासारखी पसरलेली चाई आणि नखांवर टाचणीने टोचल्यासारखे खड्डे, ही चिवट चाईची लक्षणं मानतात. थायरॉइडची तपासणी बरेच डॉक्टर सांगतात, कारण हे दोन आजार अनेकदा जोडीने येतात. थायरॉइड बिघडला की मनही खचतं, त्यामुळे मनाच्या तक्रारी असतील तर ती तपासणी टाळू नका.

नव्या गोळ्यांबद्दल ऐकलं. त्या मनाला बरं वाटायला लावतील का?

जॅक इनहिबिटर (रोगप्रतिकारशक्तीचे दाह वाढवणारे संदेश अडवणारी औषधं) या गटातली बॅरिसिटिनिब जून २०२२ मध्ये अमेरिकेत प्रौढांच्या तीव्र चाईसाठी मंजूर झाली. त्याच गटातल्या रिटलेसिटिनिबला २०२३ मध्ये १२ वर्षं आणि त्यापुढच्या रुग्णांच्या तीव्र चाईसाठी परवानगी मिळाली. बॅरिसिटिनिबच्या दोन मोठ्या चाचण्यांत ४ मिलिग्रॅम घेणाऱ्या सुमारे ३६ ते ३९ टक्के लोकांच्या डोक्याचा किमान ८० टक्के भाग ३६ आठवड्यांत केसांनी भरला. तुलनेसाठी औषध नसलेली खोटी गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण ३ ते ६ टक्के होतं. फरक मोठा आहे, पण निम्म्याहून जास्त लोकांना हवं ते मिळालं नाही, हेही याच आकड्यांत आहे.

या गोळ्या संसर्गाशी लढण्याची ताकद कमी करतात, म्हणून सुरू करण्याआधी क्षयरोगाची तपासणी होते. आपल्याकडे तर ती हवीच. आणि गोळी बंद केली की अनेकांचे केस पुन्हा जातात. आलेले केस परत जाण्याची भीती घेऊन जगणं हा वेगळाच भार आहे. गोळी सुरू करताना त्याबद्दलही बोलून घ्या: किती दिवस, किती खर्च, थांबवायची वेळ आली तर पुढे काय.

स्टिरॉइड घेतल्यापासून चिडचिड आणि झोपमोड होतेय. औषधामुळे की माझ्यामुळे?

औषधामुळे असण्याची शक्यता बरीच आहे. पोटात घेतल्या जाणाऱ्या स्टिरॉइडमुळे झोप उडणं, उगीच उत्साह, चिडचिड, मग उदासी असं होऊ शकतं. चकतीत टोचल्या जाणाऱ्या इंजेक्शनांनी आणि मलमांनी असं क्वचित होतं. पूर्वी नैराश्य किंवा बायपोलर आजार झालेला असेल तर डॉक्टरांनी विचारण्याची वाट न बघता सांगा. गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नका. शरीराची स्वतःची स्टिरॉइडनिर्मिती मंदावलेली असते, ती पूर्ववत व्हायला वेळ लागतो.

समुपदेशन घेतलं तर केस येतील का?

तशी खात्री कुणी देत असेल तर तिथून उठा. नैराश्यविरोधी औषधं घेणाऱ्या रुग्णांमध्ये चाईचं प्रमाण कमी दिसलं, असं वर सांगितलेल्या २०१९ च्या अभ्यासात आहे. पण त्यावरून ती केसांची औषधं ठरत नाहीत.

मनावरचा उपचार मनासाठी असतो. केस आले नाहीत तरी नोकरीवर जाता यावं, झोप लागावी, फोटोत उभं राहता यावं, यासाठी. ‘आधी केस येऊ देत, मग मनाचं बघू’ हा क्रम घातक आहे, कारण पहिली गोष्ट तुमच्या हातात नाही आणि दुसरी बरीचशी आहे. सीबीटी (विचार आणि वागणं बदलण्यावर भर देणारी समुपदेशनाची पद्धत) यात तुम्ही काय टाळताय आणि काय सारखं तपासताय यावर काम करतात. उदाहरणार्थ, रोज आरशात पाहण्याऐवजी महिन्यातून एकदा, ठरलेल्या तारखेला, त्याच उजेडात फोटो काढायचा. डॉक्टरांनाही तो जास्त उपयोगी पडतो.

मदत कधी घ्यायची आणि कुठे?

दोन आठवड्यांहून जास्त दिवस मन उदास असेल, आवडीच्या गोष्टींत रस उरला नसेल, झोप आणि भूक बिघडली असेल, शाळा-कॉलेज-कामाला दांड्या होत असतील किंवा दारू वाढली असेल, तर थांबू नका. ‘असं जगण्यापेक्षा मेलेलं बरं’ असं मनात येत असेल किंवा कुणी बोलून दाखवलं असेल, तर त्याच दिवशी मदत घ्या आणि त्या माणसाला एकटं सोडू नका. असं बोलणारा नाटक करतोय, हा समज जिवावर बेततो.

केंद्र सरकारची टेलि-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. जिल्हा रुग्णालयांत मानसोपचार विभाग असतो. खासगीत जाणार असाल तर त्वचारोगतज्ज्ञांनाच नाव विचारा, दोघांनी एकमेकांशी बोललेलं चांगलं.

आमची मुलगी सहावीत आहे. शाळेत जायलाच तयार नाही.

आधी तिला विचारा की नेमकं काय होतं: कोण काय म्हणतं, कुठे म्हणतं, व्हॅनमध्ये की पटांगणात. पालक बहुतेक वेळा अंदाजाने उपाय करतात. मग वर्गशिक्षकांना भेटा. टोपी किंवा स्कार्फची परवानगी लेखी मागा, डॉक्टरांचं पत्र जोडा. वर्गाला सांगायचं का, कुणी सांगायचं, ती तेव्हा वर्गात असेल का, हे तिला ठरवू द्या. ‘ही चाई आहे, लागत नाही, तिला दुखत नाही’ एवढी तीन वाक्यं बाईंनी सांगितली तरी निम्मी कुजबुज थांबते. उरलेल्या निम्म्या कुजबुजीसाठी तिच्याकडे एखादं तयार उत्तर असू द्या, घरी म्हणून पाहिलेलं.

अगदी लहान मुलांना बहुधा स्वतःला काही वाटत नाही, रडतात ते आईवडील. मुलं ते बघतात. रोज सकाळी डोकं उजेडाकडे वळवून तपासणं बंद करा. आणि केस स्वतःच ओढून काढायची सवय असलेल्या मुलांच्या डोक्यावरही चकत्या दिसतात. तिथे उरलेले केस वेगवेगळ्या लांबीचे, तुटके असतात. तो वेगळा प्रश्न आहे, त्यावर रागावून उपयोग नाही, बालमानसोपचारतज्ज्ञ लागतात.

लग्नाचं बघतोय. स्थळाला सांगायचं का?

सांगा. पत्रिकेसोबत नाही आणि साखरपुड्यानंतरही नाही. मुलगा-मुलगी दोन-तीनदा भेटून बोलणं पुढे जातंय असं दिसलं की. आणि ते मुलीने किंवा मुलाने स्वतः सांगावं, मामांनी नाही. मामा ‘किरकोळ आहे, बरं होईल’ म्हणतात आणि ते वचन पुढे त्या मुलीला पाळावं लागतं. ‘मुलांना होईल का?’ हे हमखास विचारलं जाईल. धोका थोडा वाढतो, पण चाई असलेल्या बहुतेकांच्या मुलांना ती होत नाही.

लपवून झालेल्या लग्नात बाई पहाटे सगळ्यांच्या आधी उठून विग लावते. ते वर्षानुवर्षं करणं चाईपेक्षा जास्त थकवतं.

विग घालावा की नाही?

तुम्हाला मोकळं वाटत असेल तर घाला. विग म्हणजे फसवणूक नाही आणि न घालणं म्हणजे शौर्य नाही. लोकलच्या दारातल्या वाऱ्याची, दुचाकीच्या हेल्मेटची, मे महिन्यातल्या घामाची तयारी मात्र ठेवा. चिकटपट्ट्या आणि आतली सुती टोपी कामाला येते. पुण्यात राहणाऱ्या केतकी जानी यांनी सगळे केस गेल्यावर डोक्यावर टॅटू गोंदवून घेतला आणि विवाहित स्त्रियांच्या सौंदर्यस्पर्धेत तशाच उतरल्या. मरणाचे विचार येण्यापर्यंतचा आपला प्रवासही त्यांनी जाहीरपणे सांगितला आहे. त्यांचं उदाहरण द्या, पण ‘त्या करू शकतात, मग तुला काय झालं’ असं म्हणून नको.

कांद्याचा रस, लसूण, गुंज लावून उपयोग होतो का?

कांद्याच्या रसाने काही जणांना फायदा झाल्याचा एक छोटा अभ्यास आहे. पण चकती आपोआपही भरते, हे विसरू नका. लसणाने कातडी भाजते. गुंजेच्या बिया विषारी असतात. ओरखडे काढलेल्या त्वचेवर त्या चोळणं धोक्याचं आहे, टाळाच.

बुलढाण्यात लोकांचे केस गेले, ती चाईच होती का?

नाही. डिसेंबर २०२४ च्या अखेरीपासून शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा आणि आसपासच्या गावांत शेकडो लोकांचे केस काही दिवसांतच गळले. आधी पाण्यावर आणि बुरशीवर संशय गेला, आयसीएमआरचं (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं) पथक आलं. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हातल्या जादा सेलेनियमकडे बोट दाखवलं. म्हणजे कारण बाहेरून आलेलं होतं. डेंगी, टायफॉइड किंवा बाळंतपणानंतर दोन-तीन महिन्यांनी सगळीकडून विरळ होणारे केसही चाईचे नव्हेत, ते बहुधा परत येतात.

घरच्यांनी काय बोलावं?

कमी बोलावं. भेटल्या-भेटल्या डोक्याकडे बघू नये, ‘आता बरे दिसतात हं’ हेही नको. त्यातून इतके दिवस वाईट दिसत होते, एवढंच ऐकू येतं. प्रत्येक फोनवर नवा वैद्य सुचवू नये. लग्नकार्याला बोलावताना ‘तुला जमेल ना?’ असं न विचारता नेहमीसारखं बोलवावं, आणि ती नाही म्हणाली तर पुढच्या कार्याला पुन्हा बोलवावं. दवाखान्यात सोबत जायचं असेल तर आधी विचारावं. आत गेल्यावर मात्र डॉक्टरांच्या प्रश्नांची उत्तरं तिलाच देऊ द्यावीत.